आधी क्षेम करू या, मग 'क्षेम' लिहू या

वाशिम जिल्ह्यातील ख्रिस्ती मंडळ्यांच्या पाळकांना, पंचांना आणि महिला संघांना खुलं पत्र

आदरणीय पाळकसाहेब, पंचमंडळी आणि भगिनींनो,



डिसेंबर लागला. चर्चच्या आवारात चांदणीसाठी बांबू येऊन पडले असतील, तरुण संघाची कॅरलची तालीम सुरू झाली असेल, घरोघरी फराळाच्या सामानाची यादी निघाली असेल. याच महिन्यात ७ तारखेला सशस्त्र सेना ध्वजदिन येतो. १९४९ पासून तो पाळला जातो. शाळा-कचेऱ्यांत छातीला छोटे झेंडे लागतात, डब्यात पैसे पडतात. १६ तारखेला विजय दिवस येतो, १९७१ च्या युद्धाची आठवण घेऊन. आपल्या मंडळ्यांच्या डिसेंबरच्या कार्यक्रमपत्रिकेत मात्र या दोन तारखा मी आजवर पाहिल्या नाहीत. म्हणून हे पत्र लिहायला बसले.

मी कारंज्याच्या वाटेवरच्या एका खेड्यातली. वडील फौजेत होते. मी पुढं परिचारिका झाले, नोकरीत आयुष्य गेलं, आता निवृत्त आहे.

मे २०२५ मधला एक रविवार अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. २२ एप्रिलला पहलगामला निरपराध पर्यटक मारले गेले. ७ मेच्या पहाटे ऑपरेशन सिंदूर झालं, १० मेच्या संध्याकाळी गोळीबार थांबला. मधल्या दिवसांत सुट्टीवर आलेल्या जवानांना परत बोलावणी आली. खानदेशातला एक जवान लग्नाची हळद उतरायच्या आत सीमेवर निघाला, हे आपण सगळ्यांनी वर्तमानपत्रात वाचलं. ११ मेच्या रविवारी उपासनेत सगळे उभे राहिले. सैनिकांसाठी मध्यस्थीची प्रार्थना झाली आणि ती मनापासून झाली. लोक डोळे पुसत बाहेर आले, चहा झाला, घरोघरी गेले. पुढच्या रविवारी त्या प्रार्थनेचा उल्लेखही झाला नाही. आमच्या भागातल्या ज्या घरचा मुलगा अर्धी सुट्टी टाकून परत गेला होता, त्या घरी त्या आठवड्यात कोण गेलं होतं, असं मी चार जणांना विचारलं. कुणी गेलं नव्हतं. मीही गेले नव्हते. तेच मला फार लागलं, कारण मी ज्या घरात वाढले ते घर कुणीतरी दारात आलं म्हणून तगलं होतं.

ती हकीकत सांगते.

१९७१ चा डिसेंबर. मी नऊ वर्षांची. तेव्हा वाशिम जिल्हा झालेला नव्हता, आम्ही अकोला जिल्ह्यातले. वडील पूर्व आघाडीवर होते. नेमके कुठं, ते आम्हाला ठाऊक नव्हतं. त्यांच्या पत्त्यात गावाचं नाव नसायचं. नंबर, हुद्दा, नाव, पलटण आणि खाली एपीओ, म्हणजे सेनेचं टपालघर, एवढंच. घरी आजी, आई, आम्ही तीन भावंडं, सहा एकर कोरडवाहू आणि एक बैलजोडी. कापूस वेचून घरात पडलेला. तो कारंज्याच्या बाजारात जाणार, त्यावर देणं फिटणार आणि आमचं वर्ष निघणार. युद्ध पेटलं आणि आठवडाभरात जोडीतला एक बैल मेला.

आईला लिहिता-वाचता येत नव्हतं. मंडळीच्या एक बायबलबाई दर शनिवारी आमच्याकडं यायच्या. पांढरं लुगडं, काखेत कापडी पिशवी, पिशवीत पवित्र शास्त्र, चष्म्याची डबी आणि दोन-तीन अंतर्देशीय पत्रं. त्या ओसरीवर बसायच्या, आई बोलायची, त्या लिहायच्या. त्या शनिवारी आई म्हणाली, "बैल मेला हे लिहू नोका. त्याईले तिथं झोप लागन काय? लिहा, इकडं सगळं बरं हाये. कापूस कारंज्याले गेला म्हना."

बाईंनी विचारलं, "गेला का?"

आई काही बोलली नाही.

बाईंनी आईनं सांगितलं ते सगळं लिहिलं. इकडील सर्व क्षेम. मुलं शाळेत जातात. कापूस कारंज्याला पोचला. मग पत्राची घडी घातली, पण कड चिकटवली नाही. घडी पवित्र शास्त्रात ठेवली आणि म्हणाल्या, "खोटं पत्र मी पेटीत टाकणार नाही. लिहिलंय ते आधी खरं करू. मग टाकते."

त्या आठवड्यात त्यांनी काय काय केलं, ते मला पुढं कळलं. त्या तांड्यावर गेल्या. तिथल्या एका बंजारा शेतकऱ्यानं तीन दिवसांसाठी बैल दिला. मंडळीतले दोघे जण रात्रीच्या थंडीत गाडी घेऊन निघाले, आजीनं त्यांना भाकरी आणि ठेचा बांधून दिला. पुढच्या शनिवारी बाई आल्या त्या वजनाची चिठ्ठी घेऊनच. आईनं चिठ्ठीवरून अंगठा फिरवला. तिला आकडे वाचता येत नव्हते, तरी ती बराच वेळ तिच्याकडं पाहत होती. मग बाईंनी घडी काढली, कड जिभेनं ओली केली आणि पत्र बंद केलं. तो १८ डिसेंबर होता. ढाक्यात शरणागती होऊन दोन दिवस झाले होते. वडील घरी यायला मात्र पुढं पाच महिने गेले, आणि ते पाच महिने त्यांनी त्या पत्रावर काढले.

पाळकसाहेब, सैनिकाच्या घरून गेलेल्या प्रत्येक पत्रात हे वाक्य असायचं आणि आता प्रत्येक फोनवर असतं: इकडचं सगळं बरं आहे, तुम्ही काळजी करू नका. पुष्कळदा ते खरं नसतं. बायको सासूचं दुखणं लपवते, बाप कर्जाची नोटीस लपवतो, लेकरू नापास झाल्याचं लपवतं. सगळे मायेपोटी लपवतात. सैनिकालाही हे कळतं. फोन ठेवल्यावर तो त्या आवाजातल्या थरथरीचा अर्थ लावत बसतो. युद्धकाळात ख्रिस्ती मंडळीनं सैनिकासाठी काय करावं, असं कुणी मला विचारलं तर मी एवढंच सांगेन की त्याच्या घरचं हे एक वाक्य खरं करावं. बाकी जे काही सुचेल ते सगळं त्यातच येतं.

तो आघाडीवर असताना त्याच्या जेवणाची, शस्त्राची, उपचाराची जबाबदारी सेनेची आहे. आत्म्याचीही सोय तिथं आहे. पलटणीत पंडित, मौलवी, ग्रंथी असतात तसे पाद्रीही धर्मगुरू म्हणून असतात, सर्वधर्मस्थळ असतं, एकमेकांच्या सणाला सगळे बसतात. तिथले पाद्री त्याच्यासोबत गुडघे टेकतील. पण मानोऱ्याजवळच्या त्याच्या शेताच्या धुऱ्यावर जाऊन कुणी नांगर आत घातला का, हे ते पाहू शकणार नाहीत. ते आपणच पाहू शकतो, कारण आपण इथं आहोत.

पवित्र शास्त्रात याचे दाखले आहेत, पण आपण ते दुसऱ्याच विषयांसाठी वापरतो. दावीद आणि गल्याथची गोष्ट संडे स्कूलमधलं लहान मूलही सांगतं. पण दावीद त्या रणांगणावर गेला तरी कशाला? त्याचे तीन मोठे भाऊ शौलाच्या फौजेत होते. म्हाताऱ्या इशायानं धाकट्याजवळ भाजलेलं धान्य आणि दहा भाकरी बांधून दिल्या, भावांच्या सरदारासाठीही शिदोरी दिली आणि भाऊ कसे आहेत ते पाहून ये म्हणून सांगितलं. गोफणीच्या आधी शिदोरी आहे. पुढं दावीद स्वतः सेनापती झाला तेव्हा बसोर ओहोळापाशी त्याची २०० माणसं दमून मागं राहिली. लढून आलेल्यांतले काही म्हणाले, यांना लुटीतला वाटा नाही. दावीदानं ते मानलं नाही. सामानाजवळ राहिलेल्याला आणि लढाईवर गेलेल्याला सारखाच वाटा, असा नियम त्यानं घालून दिला. म्हणजे मागं राहून राखण करणाऱ्याचं कामही लढाईच्याच हिशेबात धरलं गेलं. आणि याच दावीदानं पुढं काय केलं, तेही आपण जाणतो. त्याचाच सैनिक उरीया आघाडीवर असताना त्याचं घर राजानंच मोडलं. सैनिक दूर असताना त्याच्या घराला धोका शत्रूपेक्षा जवळच्यांकडून अधिक असतो. हे शास्त्रानं झाकलं नाही, आपणही झाकू नये.

चर्चनं युद्धात काय करावं, याचा धडा इटलीतल्या कास्तिल्योने नावाच्या लहानशा गावानंही घालून दिला आहे. २४ जून १८५९ ला जवळच सोल्फेरिनोची लढाई झाली आणि हजारो जखमी त्या गावात येऊन पडले. गावातल्या बायकांनी मोठं चर्च उघडलं, जखमींना तिथं ठेवलं, पाणी पाजलं, जखमा धुतल्या. फ्रेंच, इटालियन, ऑस्ट्रियन असा भेद केला नाही, सगळे भाऊच म्हणाल्या. जिनिव्हाचा हेन्री ड्यूनंट हा ख्रिस्ती तरुण त्या बायकांबरोबर राबला, आणि त्या चर्चमध्ये त्यानं जे पाहिलं त्यातूनच पुढं रेडक्रॉस उभी राहिली.

पहिल्या महायुद्धात वाय.एम.सी.ए.नं फ्रान्समध्ये आणि मेसोपोटेमियात हिंदी शिपायांसाठी तंबू उभे केले. तिथं चहा होता, ग्रामोफोन होता, फुकट कागद होते आणि लिहिता न येणाऱ्यांची पत्रं लिहून देणारी माणसं होती. मेसोपोटेमियात आपल्या मराठा पलटणी होत्या. कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकून २९ एप्रिल १९१६ ला ज्या फौजेला शस्त्रं खाली ठेवावी लागली, तिचं नावच सहावी पुणे डिव्हिजन होतं. त्याच वर्षी के. टी. पॉल हे वाय.एम.सी.ए.चे पहिले हिंदी राष्ट्रीय सरचिटणीस झाले. हिंदी शिपायांत हे काम करायला परवानगी मिळाली ती एका अटीवर: तिथं धर्मप्रचार करायचा नाही. ही अट पाळून त्यांनी चहा दिला आणि पत्रं लिहून दिली. सातासमुद्रापार, अनोळखी भाषेच्या मुलखात ज्याचं पत्र कुणीतरी लिहून दिलं, त्याला त्या माणसाच्या देवाबद्दल जे कळायचं ते त्यातून कळलं असेल.

अशी सेवा आपल्या वाशिमलाही नवी नाही. १९३८ साली डॉ. ऑर्फा स्पायकर यांनी इथं मिशनच्या जुन्या इमारतीत रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल सुरू केलं. आमच्या लहानपणी बैलगाडीतून बाळंतीण बाई यायची, सापानं दंश केलेला शेतमजूर यायचा, आणि दारात त्याची जात, धर्म कुणी विचारायचं नाही. तिथं शिकलेल्या परिचारिका पुढं कुठं कुठं गेल्या. आपल्या मंडळ्या त्या दवाखान्याच्या सावलीत वाढल्या आहेत. त्यामुळं अडल्या घरी धावून जाणं आपल्याला कुणी नव्यानं शिकवायला नको. ते हात आता सैनिकाच्या घराकडं वळवायचे आहेत, इतकंच.

आता प्रत्यक्ष कामाचं बोलते.

सुरुवात एका साध्या वहीनं करा. आपल्या मंडळीच्या आसपासच्या गावांत फौजेत, निमलष्करी दलांत कोण कोण आहे, ते लिहा. फक्त आपल्यातले लिहू नका. ख्रिस्ती घरं जिल्ह्यात मूठभर, त्यातून फौजेत गेलेले आणखी थोडे. मराठा, बौद्ध, बंजारा, मुसलमान, हटकर, ज्या घरचा मुलगा सीमेवर आहे ते प्रत्येक घर वहीत यावं. नावापुढं घरी कोण असतं, शेत किती, औषध कुणाला चालू आहे, मुलं कितवीत आहेत, एवढंच. त्याची पलटण कोणती, तो कुठं आहे, हे वहीत लिहू नका. विचारूही नका.

मग शेत. आपला जिल्हा कोरडवाहू. सोयाबीन आणि तूर हीच आशा. पुष्कळ जवान सुट्टी घेतात ती मे-जूनमध्ये, वखरणी-पेरणीच्या तोंडावर, किंवा ऑक्टोबरात सोयाबीन सोंगायला. मेमध्ये युद्धाचे ढग आले आणि सुट्टी रद्द झाली, की त्या घरचा खरीप अडतो. बियाणं-खत आणायचं, पीककर्जाच्या कागदावर सही करायची, ट्रॅक्टरवाल्याशी भाव ठरवायचा, सगळं एकट्या बाईवर येतं. पाऊस कुणाच्या रजेसाठी थांबत नाही. आपल्याकडं इर्जिकीची रीत होती. एकाच्या शेतावर सगळा गाव अवजारं घेऊन उतरायचा आणि संध्याकाळी पंगत बसायची. ती रीत मंडळीनं पुन्हा उचलावी. तरुण संघाचे दहा जण आणि एक ट्रॅक्टर एवढं जमलं, तर मृगाच्या एका उघडिपीत दोन घरांची पेरणी होते. त्या रविवारी उपासना सकाळी लवकर घ्या आणि आशीर्वादानंतर सगळे शेतावर जा. माझ्या मते ते शेतच त्या दिवसाची अर्पणाची पेटी आहे.

शेताबरोबर धुराही पाहा. सैनिक वर्षातून एकदा-दोनदा येतो आणि दर वेळी त्याचं शेत हातभर कमी झालेलं असतं, ही तक्रार मी रात्रपाळीत कितीतरी फौजी रुग्णांच्या तोंडून ऐकली आहे. पंचांपैकी दोन वडीलधारी माणसं महिन्याकाठी त्या धुऱ्यावरून नुसती चालत गेली, तरी पुष्कळ नांगर जागच्या जागी थांबतात. तलाठ्याकडचा फेरफार, घरपट्टीतली सवलत, म्हाताऱ्या माजी सैनिकाचा हयातीचा दाखला, माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं (ईसीएचएस) कार्ड, या कामांसाठी कुणातरी शिकलेल्या तरुणानं मोबाइल घेऊन त्या घरी बसायचं असतं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय त्यासाठीच आहे. पण खेड्यातल्या विधवेला त्या दारापर्यंत सोबत लागते. महिला संघातल्या एकीनं तिच्यासोबत एसटीत बसावं, एवढंच काम.

तिसरी गोष्ट फोनची. युद्धाच्या दिवसांत आपल्या प्रार्थनेच्या ग्रुपवर काय काय येतं, ते आठवा. अमक्याचा मुलगा तमक्या सेक्टरमध्ये गेला, प्रार्थना करा. स्टेशनवरून गेलेल्या लष्करी गाडीचा फोटो. कुठल्या तरी जुन्या स्फोटाचा व्हिडिओ, आजचा म्हणून. २०२५ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारला वृत्तवाहिन्यांना सांगावं लागलं होतं की सैन्याच्या हालचालींचं थेट प्रक्षेपण करू नका. जे वाहिनीला लागू, ते आपल्या ग्रुपलाही लागू. सेना स्वतः जवानाच्या पत्त्यात गावाचं नाव लिहीत नाही. आपण प्रार्थनेच्या विनंतीत का लिहावं? देवाला ठिकाण सांगावं लागत नाही. आणि ज्या बाईचा नवरा तिकडं आहे, तिच्या फोनवर रात्री अकरा वाजता तो व्हिडिओ पोचतो तेव्हा काय होतं, ते मी पाहिलं आहे. तिचा नवरा चार दिवस फोन करू शकलेला नव्हता. तिनं तो व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिला, त्यात त्याचे बूट दिसतात का ते शोधत. पाळकसाहेब, युद्धकाळात तुमच्या मंडळीचा ग्रुप शांत राहील एवढं तुम्ही केलंत, तरी ती मोठी सेवा आहे.

पत्रं मात्र पाठवा. खरी, कागदाची. संडे स्कूलच्या मुलांनी लिहिलेली. आघाडीवर फोन बंद असतो तेव्हाही सेनेचं टपाल चालतं. पत्ता घरच्यांकडून घ्या आणि पत्र घरच्यांच्याच हातून टाका. मुलांना सांगा, 'शत्रूला संपवा' असं लिहायचं नाही, ते नऊ वर्षांच्या लेकराचं वाक्य नव्हे. काटेपूर्णेला पाणी किती आलं, तुमच्या धुऱ्यावरच्या बोरीला बोरं लागली, तुमच्या आईला परवा बाजारात पाहिलं, त्या हसत होत्या, असं लिहायचं. मात्र आई खरंच हसत असेल तरच. नसेल, तर आधी तिच्याकडं जा.

वाईट बातमी आली, तर कसं वागायचं ते आधी ठरवून ठेवा. गावात गाडी येते, लोक जमतात, कॅमेरे येतात, नेते येतात. तुम्ही मागच्या दारानं जा. चूल पेटवा, लहान मुलांना शेजारी न्या, म्हातारीजवळ बसा. अंत्यविधी त्या घराच्या रीतीनं होईल, आपण खांदा द्यायचा. आणि खरी गरज चौदाव्या दिवसानंतर लागते, मंडप उतरल्यावर. पेन्शनच्या कागदावर कुणाचं नाव, मिळालेल्या रकमेत कुणाचा वाटा, यावरून सासर आणि सून यांच्यात भिंत उभी राहते. दोन्ही बाजूंचं दुःख ऐकून घेणारं एखादं निःस्वार्थी माणूस तिथं हवं असतं. ते आपण होऊ शकतो.

आता जे परत येतात त्यांच्याबद्दल. इथं मला थोडं कडू बोलावं लागेल.

१९७२ च्या उन्हाळ्यात वडील घरी आले. एका मंडळीनं त्यांचा सत्कार केला, शाल दिली, हार घातला आणि बोलायला उभं केलं. काय पाहिलं ते सांगा, म्हणाले. वडील उभे राहिले, दोन मिनिटं गप्प होते, मग "प्रभूची कृपा" म्हणून खाली बसले. पुढं वर्षभर ते उपासनेला आत बसले नाहीत. बाहेर कडुनिंबाखाली बसायचे. दार बंद झालं की त्यांचा श्वास अडायचा. रात्री अंगणात फेऱ्या मारायचे. त्यांना काय होतंय, असं कुणी विचारलं नाही. 'फौजेत जाऊन देव विसरला' असं मात्र बोललं गेलं. आमच्या बायबलबाई तोवर दुसऱ्या गावी बदलून गेल्या होत्या. वडिलांच्या मनावर जे आलं होतं त्याला आज नाव आहे, उपचार आहेत. तेव्हा निदान त्या कडुनिंबाखाली त्यांच्याशेजारी कुणी बसलं असतं, तरी चाललं असतं.

म्हणून हात जोडून सांगते, परत आलेल्या जवानाला लगेच साक्ष द्यायला उभं करू नका. किती मारले, हे तर कधीच विचारू नका. तो बोलेल तेव्हा ऐका, नाही बोलला तर शेजारी बसा. दारू वाढली, झोप गेली, हात उचलू लागला, तर उपदेशाच्या आधी डॉक्टर. अग्निवीर म्हणून २०२२ नंतर गेलेली मुलं तर चार वर्षांनी परत येणार आहेत, चारांतली तीन. बहुतेक पंचविशीच्या आसपासची, हातात एकरकमी पैसा आणि पुढं मोकळा रस्ता. रिसोड-मालेगावच्या रस्त्यांवर पहाटे चार वाजता धावणारी मुलं आपण रोज पाहतो. ती जाताना आपण टाळ्या वाजवतो, परत येतील तेव्हाही आपण दिसलो पाहिजे: पैसा कुठं ठेवायचा ते सांगायला, धंद्याची वाट दाखवायला, रात्री झोप लागत नाही म्हणाला तर ऐकायला.

दोन गोष्टी मनात धरून हे सगळं करायचं आहे.

पहिली ही, की सेवेच्या हातात धर्मप्रचाराची पत्रिका नको. जवान दूर आहे, घर हळवं झालेलं आहे, अशा वेळी भाकरीबरोबर आपला धर्म पुढं केला तर ते त्या घराच्या अडचणीचा फायदा घेतल्यासारखं होईल. जे वाय.एम.सी.ए.नं १०० वर्षांपूर्वी पाळलं, ते आपणही पाळू. आपली देशनिष्ठा दाखवण्यासाठीही हे करायचं नाही. वडील ज्या आघाडीवर होते, त्याच पूर्व आघाडीवर, त्याच डिसेंबरात, गंगासागरला लान्स नायक अल्बर्ट एक्का धारातीर्थी पडले. आताच्या झारखंडमधले आदिवासी ख्रिस्ती, परमवीरचक्राचे मानकरी. त्या दाखल्यानंतर आपल्याला आणखी काही सिद्ध करायचं उरलेलं नाही. मोकळ्या मनानं कामाला लागता येतं.

दुसरी ही, की मंडळीनं युद्धाचा जयजयकार करू नये. आपण शांतीच्या राजपुत्राचा जन्मदिवस साजरा करणारे लोक आहोत. व्यासपीठावरून द्वेष पेरला तर आघाडीवरच्या मुलाचं ओझं हलकं होत नाही. ज्यानं युद्ध जवळून पाहिलं, त्याला शांतीची किंमत आपल्यापेक्षा अधिक कळते. माझे वडील आयुष्यभर रात्रीच्या प्रार्थनेत पलीकडच्या एका अनोळखी आईसाठी दोन शब्द बोलत. का, ते त्यांनी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. आपल्या मध्यस्थीच्या प्रार्थनेत तेवढी जागा असू द्या.

तर माझी मागणी लहान आहे. ७ डिसेंबरच्या आधी पंचांची एक बैठक घ्या. चांदणीच्या खर्चाचा विषय निघण्याआधी ती वही उघडा आणि आसपासच्या गावांतली नावं लिहा. नाताळच्या कॅरलफेरीत त्या घरांवर थांबा. दारात गाणं नको असेल तर नुसतं बसा, विचारपूस करा. त्या घरच्या बाईला विचारा, फोनवर तुम्ही त्यांना काय सांगता? ती म्हणेल, सगळं बरं आहे म्हणून सांगते. मग विचारा, आणि काय सांगत नाही? ती लगेच बोलणार नाही. दुसऱ्या खेपेला बोलेल, तिसऱ्या खेपेला नक्की बोलेल. जे ती सांगेल, ते आपलं काम.

वडील गेल्यावर त्यांची लोखंडी पेटी मी उघडली. पदकांखाली ते अंतर्देशीय पत्र होतं. वर ११ डिसेंबरची तारीख, टपालाचा शिक्का १८ चा. मधले सात दिवस पत्रात कुठंच लिहिलेले नाहीत.

आपली प्रभूमधील बहीण,
एका सैनिकाची मुलगी
कारंजा तालुका, जिल्हा वाशिम